काचेवर उलटी दिसणारी शांता

शांता, आज दिवसाउजेडी तुला 'तू' म्हणते आहे. आपला नियम मोडलाय, पण आता माझ्यावर खेकसायला तू नाहीस.

बाहेर तू वन्सं. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. बाहेर 'वन्सं, चहा टाकू का', 'वन्सं, तुम्ही म्हणाल तसं'. डार्करूमचं दार आतून लावलं, लाल दिवा लागला, की तू शांता आणि मी सुमे. नियम तुझाच. मी नवी नवरी, औषधाच्या ट्रेत बोट बुडवायलाही भीत होते. 'वन्सं, तो चिमटा देता का' म्हणाले, तर अंधारातून तुझा आवाज आला, "इथं कोण बघायलंय आपल्याला? शांता म्हण. मला नाव हाय की." त्या नावाने तुला हाक मारणारं घरात तुझे मायबाप सोडून कुणी उरलं नव्हतं. भावाची तू अक्का, माझी वन्सं, गल्लीची फोटोवाल्याची बहीण. तेव्हा मला वाटलं, किती विचित्र बाई आहे ही. आता वाटतं, तू मला तेवढी एकच वस्तू दिली होतीस आणि तीही तुझ्यासोबत गेली. मी आता कुणाला शांता म्हणू?

तुला जाऊन महिनासुद्धा झाला नाही. पोळ्याला पुरणाचा सगळा स्वयंपाक तू एकटीने केलास, संध्याकाळी म्हणालीस, अंगात कसकस वाटायलीय. मग डोळे पिवळे दिसले. दवाखाना झाला, औषध झालं, आणि महालक्ष्म्या बसायच्या आत सगळं संपलं. यंदा मुखवटे पेटीतच राहिले. घरात एक तुझा फोटो तेवढा बसला आहे, पुढच्या खोलीत, चंदनाचा हार घालून. येणारा जाणारा त्याचं कौतुक करतो. मला त्याच्याकडे बघवत नाही. माणूस गेल्यावर फोटो बघवत नाही असं लोक म्हणतात, तसलं हे नाही. मी फोटोच्या धंद्यातली बाई आहे, धंद्याचं बोलते आहे. त्या फोटोत तू नाहीस.

तुझा चेहरा मला पाठ होता. लहानपणी आलेल्या देवीचे वण होते त्यावर. कपाळावर विरळ, नाकाच्या शेंड्यावर दोन जुळे, गालांवर दाट, आणि हनुवटीशी एक मोठा, ज्यात तू विचार करताना बोट टेकवायचीस. भिंतीवरच्या फोटोतल्या बाईला बोट टेकवायला जागाच नाही. सोललेल्या बदामासारखा गुळगुळीत चेहरा आहे तिचा. ही कोण, हे मला ठाऊक आहे. ही थोरलीची शांता आहे.

आपल्या लेन्सांना ही नावं तूच दिलीस. मामंजींच्या काळातली पितळी लेन्स ती थोरली. तिच्यातून कुणीही बघा, तोंडावर सायीचा पातळ थर धरल्यासारखं दिसायचं. सुरकुत्या नाहीत, डाग नाहीत, रात्रभर जागलेले डोळेही झोप झाल्यासारखे. मग तुझ्या भावाने हैदराबादच्या एका मोडीत निघालेल्या स्टुडिओतून नवी आणली. कंपनी तीच, माप तेच, फक्त नव्या घडणीची, निळसर झाक मारणाऱ्या काचेची. ती बघून तू म्हणालीस, "दोघी बहिणी बहिणी हायत. एक थोरली, एक धाकटी. बसवा दोघींना शेजारी शेजारी." लेन्सांच्या डब्यांवर तू महालक्ष्म्यांना लावतात तसं हळदीकुंकूही लावलंस, आणि तुझा भाऊ काच खराब होईल म्हणून ओरडत राहिला.

पण दोघी एका घरात सुखाने नांदल्या नाहीत, आणि आपणही नाही.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे पेटलं होतं. बाजार बंद, दुकानं अर्ध्या फळीवर, गिऱ्हाईक नाही. आपण लेन्सांची परीक्षा घ्यायची ठरवली. फिल्म न जाळता, नुसत्या काचेवर. तू स्टुलावर बसलीस. मी काळ्या फडक्याखाली शिरले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर तुला बघितलं, उलटी, डोकं खाली. आधी थोरलीतून. छान दिसत होतीस. मग धाकटी लावली आणि माझा हात थबकला. एकेक वण, एकेक पापणी, नाकातल्या चमकीचा घासलेला खडा, सगळं.

"कशी दिसायलेय?" तू विचारलंस.

"आहे तशी."

मग मला स्टुलावर बसवून तू फडक्याखाली गेलीस आणि आतूनच हसायला लागलीस. "सुमे, तुला मिशा हायत गं!" दार उघडं होतं आणि बाहेर तुझा भाऊ होता, तरी तू मला सुमे म्हणालीस. बाहेर आलीस ती निर्णय घेऊनच. "आजपासून हीच लावायची. ती म्हातारी ठेवून द्या डब्यात."

मी म्हणाले, बायका यायच्या बंद होतील. आपल्याकडे निम्म्याहून जास्त फोटो स्थळासाठी काढायचे. परभणीच्याच नाही, वालूर, पालम, कुठून कुठून एसटीने आया मुलींना घेऊन यायच्या, कारण इथे फोटो बाई काढते. आणि बाईला कॅमेऱ्यामागे उभं केलं होतंस तूच. मामंजी नको म्हणत असताना तू त्यांना सुनावलंस, "दादा, तुमच्याम्होरं पोरी पदर सोडीनात, मान वर करीनात. सुमनला काढू द्या." तुझ्यामुळे माझ्या हाताला काम आलं. ते मी विसरलेले नाही. पण म्हणून काय तुझं सगळंच ऐकायचं?

त्याच दिवसांत एक म्हातारी आली. त्या दंगलीत तिच्या खेड्यात त्यांच्या वस्तीतली घरं जाळली होती. हात कोपरापर्यंत भाजलेला, त्यावर हळदीचा लेप. कचेरीत अर्जाला फोटो जोडायचा होता. माझ्या सवयीने कॅमेऱ्यावर थोरली होती. म्हातारी म्हणाली, "बाई, तोंड न्हाई आलं तरी चालतंय. ह्यो हात तेवढा दिसू द्या." तू थोरली काढलीस, धाकटी लावलीस आणि तिच्याजवळ जमिनीवर बसून तिचा हात उजेडाकडे धरलास. त्या दिवशी मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घातलाच. जळलेला हात वेगळा आणि लग्नाचा चेहरा वेगळा, मी म्हणाले.

"कसा काय येगळा?"

"हाताला न्याय मागायचाय. चेहऱ्याला नवरा."

"न्हाई मिळाला तर न्हाई. खामखा कशाला लपवायलीस?"

तुझा राग कुठून येतो ते मला लाल दिव्यात कळलं. तुझ्या तरुणपणी मामंजींनी थोरलीतून तुझा फोटो काढला होता, उरलंसुरलं निगेटिव्हवर पेन्सिलीने भरून टाकलं होतं, आणि तो फोटो गावोगाव गेला होता. माणसं खूश होऊन आली. तू पोह्यांची ताटली ठेवलीस, पाटावर बसलीस. मुलाच्या आईच्या हातात तो फोटो होता. तिने फोटो बघितला, तुझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला आणि मायला म्हणाली, "मुलगी कुठाय? बोलवा की."

"मी तिच्या समोर बसल्याली, सुमे," तू म्हणालीस. ट्रे हलवायचा तुझा हात थांबला नव्हता. "तिला मी पोहे आणून देणारी कामवाली वाटले. तवापासून मला ती थोरली बघवत न्हाई."

तरीही मी तुझ्याशी सहमत झाले नाही, हे खरं. वालूरच्या त्या मुलीचं आठव. चुलीवरचं दूध अंगावर सांडून तिचा एक गाल आकसला होता. मी थोरली लावली. पाहुणे आले, मुलगी बघितली आणि चहाला हात न लावता उठले. तिचा बाप दुकानात येऊन ओरडला, "फोटोत एक आन् घरात एक! आमची फजिती करायलात का?" तू माझ्याकडे असं बघितलंस की माझी मान खाली गेली. मग त्याच मुलीचा फोटो तू धाकटीतून काढायला लावलास. तो गेला आणि कुणी आलंच नाही. एक माणूस फिरकलं नाही. काही महिन्यांनी मुलगी स्वतः आली, आईला दाराबाहेर उभं करून. तुलाच म्हणाली, "पैल्या फोटूवर लोकं निदान यायचे तरी. माय घर सारवायची, मी नवं लुगडं नेसायची."

तू तिला स्टुलावर बसवलंस, पाणी दिलंस, आणि कोणती लेन्स ते न सांगता बाहेर निघून गेलीस. मी थोरली लावली. तिचं पुढे काय झालं आपल्याला कळलं नाही. तो फोटो न्यायला ती आलीच नाही.

तेव्हापासून आपला वाद संपत नव्हता आणि मिटतही नव्हता. तू म्हणायचीस, येऊन परत जाण्यापेक्षा न आलेलं बरं. मी म्हणायचे, दहा येतील तर एखादा थांबेल. तू म्हणायचीस, "माझ्यासाठी कोण थांबलं?" ते बोलून तू मला दर वेळी चीत करायचीस, आणि ही लबाडी आहे हे तुलाही कळत होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून उमगली नाही. जगाला धाकटीसमोर बसवणारी तू, स्वतः कधी बसली नाहीस. बसायचीस तशी रोज. सकाळी दुकान उघडलं की स्टुलावर पहिली तूच, कारण खेड्यातल्या मुली कॅमेऱ्यासमोर बावरतात, त्यांना ताटकळत ठेवता येत नाही. तुझ्यावर दिवे लावायचे, तुझ्यावर फोकस जमवायचा, मग तू उठायचीस आणि मुलगी बसायची. इतकी वर्षं रोज सकाळी मी तुला त्या काचेवर उलटी बघितली. माझ्या डोळ्यांत तुझा चेहरा उलटाच बसलाय, हनुवटी वर आणि कपाळ खाली. आणि एक गंमत होती. काचेवर उलटे झाले की तुझे वण खड्डे वाटायचे नाहीत, दाणे वाटायचे. उजेडाचा काय खेळ असेल तो असो. तोंडावर कुणी राजगिरा शिंपडावा तसे वर आलेले, चमकणारे. मी तुला ते सांगितलं तेव्हा स्टुलावरून पडायची राहिलीस इतकी हसलीस. "मग मेल्यावर मला उलटीच टांगा भिंतीला," म्हणालीस.

"घेऊ का एक?" मी कितीदा विचारलं. फिल्म घातलेली असायची, बोट बटणावर असायचं. दर वेळी तू उठायचीस. "वाया घालू नको. गिऱ्हाईक यायलंय." एकदा डार्करूममध्ये मी सरळच विचारलं, शांता, भीती वाटते का तुला धाकटीची? तू ट्रे हलवत म्हणालीस, "उद्या बघू." शांता, त्या उद्याचा मला राग येतो. तू गेल्यापासून मी रडले त्याहून जास्त तुझ्यावर चिडले आहे. हट्टी होतीस. लोकांच्या मुलींना खरं दिसायला शिकवत होतीस आणि माझ्यासाठी एक तुकडा ठेवला नाहीस.

तेराव्याला फोटो लागतो. तुझ्या भावाने सगळं दुकान उपसलं. आमच्या लग्नाच्या फोटोत तू कडेला, मान वळवून कुणाला तरी हाक मारते आहेस. बाकी काही नाही. फोटोवाल्याच्या घरात तुझी निगेटिव्ह एकच निघाली, ती स्थळाची. तो म्हणाला, "हीच मोठी करू. अक्का चांगली दिसायलीय." मी म्हणाले, थांबा. मी साफ करते.

मला वाटलं, मामंजींची पेन्सिल पुसली की खाली तू असशील. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि गालापासून सुरुवात केली. बोळा करडा झाला. दुसरा घेतला. पेन्सिल निघत होती, मला धीर येत होता, मी तुझ्याशी बोलतसुद्धा होते, आलेच गं, आलेच. सगळी पेन्सिल निघाली. निगेटिव्ह उजेडासमोर धरली. गाल तसाच गुळगुळीत. भिंग लावून बघितलं. खिडकीत नेऊन बघितलं. हनुवटीशी, जिथे बोट मावायचं, तिथे एक धुरकट सावली, बस. मामंजींना लपवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं, शांता. थोरलीने मुळातच तुला घेतलं नव्हतं. मी पुसून पुसून थकले आणि खाली कुणी नव्हतं.

प्रिंट काढली मीच. लाल दिव्यात औषधात कागद हलवत असताना ती बाई हळूहळू वर आली आणि तिला काय हाक मारावी ते मला कळेना. वन्सं म्हणाले मी तिला. डार्करूममध्ये, तुझ्या त्या नियमानंतर पहिल्यांदाच.

फोटो लागला तेव्हा वाटलं होतं, माय तरी म्हणेल की ही माझी शांता नाही. ती जवळ गेली, काचेवरून हात फिरवला, आणि तिचा चेहरा उजळला. "देवी यायच्या आधी माझं लेकरू असंच होतं गं सुमन. असंच. किती वर्षांनी दिसलं." मी तिच्या शेजारी उभी होते. आई आहे ती. तिच्यापुढे मी कोण? तिला तिची मुलगी परत मिळाली. आता माय रोज सकाळी त्या फोटोशी बोलते. मी स्वयंपाकघरातून ऐकते. शेजारणी येतात, म्हणतात, वण तर दिसतसुद्धा नाहीत, काय सुरेख आलाय. मला त्यांना धरून हलवावंसं वाटतं. मला त्या मुलाच्या आईसारखं फोटोकडे बोट करून विचारावंसं वाटतं, मुलगी कुठाय?

लोक म्हणतात, माणूस मनात राहतो. राहत नाही. मी रोज डोळे मिटून तुझे वण मांडून बघते. कपाळावर विरळ, नाकावर जुळे. गालांवर आले की घोटाळा होतो. डाव्या गालावर जास्त होते की उजव्या? मी तुला काचेवर उलटी बघायचे, तिथे डावं-उजवंही पालटलेलं असतं. मला सांगता येत नाही. इतकी वर्षं रोज बघून मला सांगता येत नाही, आणि विचारावं असं कुणी नाही, कारण तुझ्याकडे नीट बघणारी मी एकटीच होते. ती भिंतीवरची बाई माझ्या आतही सरकायला लागली आहे. एक दिवस मलाही तीच दिसेल, आणि मग तू झालीच नव्हतीस.

काल दुकान उघडलं. स्टूल रिकामं होतं. पालमहून एक बाई मुलीला घेऊन आली होती, स्थळाच्या फोटोसाठी. मी दोन्ही डबे काढून पुढ्यात ठेवले आणि वाट बघत राहिले. कुणी भांडायला आलं नाही. थोरलीवर हात ठेवला, कुणी ओरडलं नाही. धाकटी लावली, तरी कुणी जिंकलं नाही.

फोकस जमवायला तू नव्हतीस, म्हणून मुलीलाच लवकर बसवलं. फडक्याखाली गेले. काचेवर ती उलटी, जिथे तू असायचीस तिथेच. नितळ चेहरा, कोवळं वय, एक डाग नाही. आणि मी तिच्या गालांवर तुझे वण शोधत होते. फोकस पुढे घेतला, मागे घेतला. तिच्या आईला दिवा जवळ ओढायला लावला. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

शेवटी तिची आई फडक्याबाहेरून म्हणाली, "बाई, दिसंना का?"

फडक्यातून बाहेर न येता मी म्हणाले, "न्हाई. दिसंना."